अडीच फुटी रूळ: सौंदडचे आणि वेल्सचे

साकोलीला रेल्वे स्थानक नाही. मुंबई-कोलकाता महामार्ग गावातून जातो, एस.टी.ची सोय आहे. पण आगगाडी धरायची तर पूर्वेला महामार्गालगतचे सौंदड गाठावे लागते. सौंदड हे गोंदिया-नागभीड-चांदाफोर्ट मार्गावरचे स्थानक. आज या मार्गावर ब्रॉडगेजचे रूळ आहेत आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही त्यावरून धावतात. परंतु १९९० च्या दशकापर्यंत येथे जी गाडी चालत असे तिच्या दोन रुळांमधले अंतर होते अवघे २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. वर्गातली मीटरपट्टी आडवी धरली तर दोन्ही रुळांवर टेकून वर चांगली वीतभर उरेल, इतकी ती वाट अरुंद. आमच्या पिढीने लहानपणी ही गाडी पाहिली, तीत बसून वडशाला आणि नागभीडला जाऊन आलो. आज तिचा मागमूस नाही.

बरोबर याच रुंदीची, ७६२ मिलिमीटरची, एक गाडी ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात वेल्शपूल ते लानवेर या दोन गावांदरम्यान अजून धावते. ती कोणत्याही सरकारी खात्याची नाही. इंजिनात कोळसा टाकणारा शिक्षक, तिकीट तपासणारा निवृत्त बँक कारकून, रुळांखालची खडी सारखी करणारा अभियंता अशी सारी माणसे तेथे सुट्टीच्या दिवशी बिनपगारी कामाला येतात. पगारी नोकर आहेत, पण थोडे.

एकीकडे रेल्वे जिवंत राहिली आणि दुसरीकडे नाहीशी झाली. असे का झाले? याचे सोपे उत्तर तयार असते: ‘आपल्याला जुन्याची कदर नाही.’ मला हे उत्तर पटत नाही. दोन्ही मार्गांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला तर जवळजवळ उलटेच चित्र दिसते.

आधी मुळात अरुंद रूळ का घातले जात, ते पाहू. मोठा मार्ग बांधायचा तर बांध रुंद, पूल भक्कम, रूळ जड आणि जमीन जास्त लागते. अरुंद मार्गात हे सगळेच कमी होते. पण खरी बचत होते ती वळणावर. विद्यार्थ्यांना एक छोटे गणित घालून पाहावे. गाडी काटकोनात वळली, म्हणजे वर्तुळाचा चौथा हिस्सा चालून गेली, तर बाहेरच्या रुळावरचे चाक आतल्या चाकापेक्षा किती जास्त अंतर कापते? उत्तर येते रुळांमधले अंतर गुणिले π/२. ब्रॉडगेजला (१६७६ मिमी) हा फरक सुमारे २.६३ मीटर, तर अडीच फुटी मार्गाला सुमारे १.२० मीटर. गंमत अशी की या उत्तरात वळणाची त्रिज्या कुठेच येत नाही! वळण मोठे असो वा लहान, फरक तेवढाच. आता रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, ती बैलगाडीच्या चाकांसारखी वेगवेगळी फिरू शकत नाहीत. चाकांच्या कडेला दिलेला किंचित शंकूसारखा उतार यातला काही फरक सामावून घेतो, उरलेला घासत, किंचाळत निभावावा लागतो. वळण जितके आखूड तितका हा फरक थोड्या अंतरात भागवायचा. म्हणून जिथे फरकच निम्म्याहून कमी आहे ती छोटी गाडी आखूड वळणे घेऊ शकते. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो, गावाच्या तळ्याला बगल देता येते.

या तत्त्वाचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग महाराष्ट्रातच झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा अभियंता जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला होता. बार्शीचा माल बैलगाड्यांनी मुख्य मार्गापर्यंत येतो हे पाहून त्याने तेथे अडीच फुटी रेल्वेची योजना आखली. कॅलथ्रॉपचा मुद्दा साधा होता: रुळाला गाडीच्या एकूण वजनाशी कर्तव्य नसते, एका आसावर किती भार येतो याच्याशी असते. तेव्हा इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. असे केले की वजनाला हलके, स्वस्त रूळ चालतात आणि तरीही गाडी बरीच मोठी करता येते. त्याने इंग्लंडमध्ये लीड्स शहराजवळ चाचणीचे रूळ टाकून हे १८९७ साली दाखवून दिले आणि त्याच वर्षी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती एका बाजूला पंढरपूर-मिरज आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत पोहोचली. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी घेण्याच्या हवाई छत्रीच्या खटपटीला लागला. भार कसा वाटून द्यायचा हा प्रश्न काही त्याला सोडेना!)

आता आपल्या भागाकडे येऊ. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या सुमारास मीटरगेज म्हणून सुरू झाली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती घेऊन ब्रॉडगेज केली, आणि गोंदिया हे नागपूर-कलकत्ता या हमरस्त्यावरचे ठिकाण झाले. पण हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगलाचा आणि धानाचा विस्तीर्ण मुलूख पडला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दाखवून दिले की रस्ता नसला तर एका जिल्ह्यातले धान्य शेजारच्या जिल्ह्यातही पोहोचत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात कंपनीने सातपुड्यात आणि वैनगंगेच्या खोऱ्यात अडीच फुटी मार्गांचे जाळे विणले. गोंदियाहून उत्तरेला बालाघाट, नैनपूर, जबलपूर. दक्षिणेला नागभीड आणि पुढे चांदा. नागभीडहून वायव्येला उमरेडवरून नागपूर.

दक्षिणेची वाट आपल्या ओळखीची आहे. गोंदिया सोडले की हिरडामाळी, मग सौंदड. सौंदडनंतर गोंडउमरी आणि अर्जुनी. डावीकडे-उजवीकडे धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव. हा सगळा तलावांचा प्रदेश. पाणी कुठे अडते आणि कुठून वाहते हे सांभाळतच बांध घालावा लागतो. नवेगावबांधचा मोठा तलावही याच वाटेच्या आसपास. पुढे वडसा, वैनगंगेवरचा पूल, ब्रह्मपुरी आणि नागभीड. नागभीडला नागपूरची शाखा येऊन मिळे. तेथून जंगलातून सिंदेवाही, राजोली, मूल आणि केळझरवरून चांदाफोर्ट. गोंदियापासून चांद्यापर्यंत सुमारे २४० किलोमीटर. लाकूड, बांबू, तेंदूपत्ता, मोहफुले, धान आणि तांदूळ हा या भागाचा माल. आणि आठवडी बाजाराला निघालेली माणसे.

या मार्गाचे दुखणे त्याच्या दोन टोकांना होते. गोंदियाला अडीच फुटी वाघीण येऊन उभी राहिली की तिच्यातले प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या वाघिणीत जायचे. मार्ग बांधताना जे पैसे वाचवले ते मालधक्क्यावर रोज थोडे थोडे फेडावे लागत. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे परवडले. मालमोटार आली, ती शेताच्या कडेला माल भरून थेट नागपूरला उतरवू लागली, तेव्हा हे गणित उलटले.

१९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच रुंदी आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला. गोंदिया-चांदाफोर्ट मार्ग त्यात लवकर आला, कारण नकाशा पाहिला तर तो नागपूरला न जाता उत्तर-पूर्वेकडून थेट दक्षिणेच्या मुख्य मार्गाला, बल्लारशाला, जोडणारा जवळचा रस्ता आहे. दशक संपेपर्यंत रूपांतर पुरे झाले. जी गाडी जंगलातला फाटा म्हणून जन्मली तिची जागा हमरस्त्याने घेतली. म्हणजे आपली छोटी गाडी गेली ती कुणाला नको होती म्हणून नव्हे, तर तिची वाट फार हवी होती म्हणून.

आता वेल्सकडे वळू.

वेल्शपूल हे बाजारपेठेचे गाव आणि लानवेर हे डोंगरातले शेतकऱ्यांचे गाव. मधले अंतर सुमारे १४ किलोमीटर. ब्रिटनच्या पार्लमेंटने १८९६ साली हलक्या रेल्वेचा कायदा केला. कमी वेग, साधी फाटके, थोडे सिग्नल चालतील, पण खेड्यापर्यंत रेल्वे जाऊ द्या, असा त्याचा आशय. त्याखाली हा मार्ग बांधला गेला आणि १९०३ मध्ये उघडला. वर जाताना कोळसा आणि चुना, खाली येताना लाकूड आणि मेंढ्या. बेयर-पीकॉक कारखान्याने १९०२ साली त्यासाठी दोन इंजिने बनवली: ‘अर्ल’ आणि ‘काउंटेस’, म्हणजे जहागीरदार आणि जहागीरदारीणबाई.

मार्गाची खरी परीक्षा वेल्शपूल सोडल्यासोडल्या होते. गोल्फा नावाचा चढ सुमारे दीड किलोमीटर लांब असून तो २९ ला १ आहे. २९ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. रेल्वेच्या दृष्टीने हा भयंकर चढ होय. ढोबळ हिशेब करू. इंजिनाचे वजन २० टन, इंजिनासह साऱ्या गाडीचे ७० टन धरले, तर चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ७० भागिले २९, म्हणजे सुमारे २.४ टन वजनाइतके बल लागेल. वळणांचे व आसांचे घर्षण आणखी ०.७ टन धरा. एकूण ३.१. इंजिनाची सगळी चाके ओढणारी असल्याने त्याचे सगळे २० टन रुळावर पकड घ्यायला कामी येतात. कोरड्या पोलादावर पोलादाची पकड वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ५ टन. गाडी चढते. पण पाऊस पडला, झाडांची पाने रुळावर चेंगरली, की हीच पकड दहाव्या हिश्श्यावर येते. उरले २ टन. चाके जागच्या जागी फिरू लागतात. त्यावर उपाय आजही तोच आहे: चाकांपुढे नळीतून कोरडी वाळू सोडायची. कोणत्या वळणावर, किती आधी वाळू सोडायची हे कागदावर लिहिलेले नसते.

चढ संपला की सिल्व्हेन, कॅसल करेनियन आणि मग बानवी नदीचे खोरे. एक दगडी कमानींचा पूल, पुढे नदीवरचा लोखंडी पूल, आणि नदीच्या काठाकाठाने लानवेर.

या मार्गाचे भवितव्य फार लवकर ठरले. मोटार-बस आली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत प्रवासी गाडी बंद झाली. त्यानंतर पंचवीस वर्षे मालगाडी कशीबशी चालली. नोव्हेंबर १९५६ मध्ये तीही थांबली. ब्रिटिश रेल्वेला हा मार्ग रुंद करायचा नव्हता, लांबवायचा नव्हता, दुसऱ्या कुठल्या मार्गाला जोडायचा नव्हता. तो कुणालाच नको होता.

नेमक्या याच वेळी हौशी माणसे पुढे आली. त्यांना एक ताजे उदाहरण मिळाले होते. वेल्समधलीच टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीची रेल्वे तिचा मालक १९५० साली वारल्यावर बंद पडायच्या बेतात होती. अभियंता आणि लेखक टॉम रोल्ट यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला सभा घेतली, आणि १९५१ च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी गाडी चालवली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे. तिचे रूळ इतके झिजलेले होते की ते स्लीपरपेक्षा गवतानेच जागेवर धरून ठेवले आहेत, असे म्हणत.

वेल्शपूलच्या मंडळींनी १९५६ मध्ये संस्था काढली, १९६० मध्ये कंपनी नोंदवली. दोन्ही मूळ इंजिने ब्रिटिश रेल्वेच्या कारखान्यात पडून होती, ती १९६१-६२ मध्ये परत आणली. मूळ डबे केव्हाच भंगारात गेले होते. मग नौदलाच्या दारूगोळ्याच्या एका डेपोतली अडीच फुटी रेल्वे १९६१ मध्ये मोडीत निघाली, तिचे डबे आणले. पुढे ऑस्ट्रियातून आणले; तेथली रुंदी ७६० मिलिमीटर, पण २ मिलिमीटरचा फरक चाकाच्या कडेच्या मोकळ्या जागेत सहज मुरतो. १९७५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची रेल्वे बंद झाल्यावर तेथून एक इंजिन आणि चार डबे आले. साम्राज्याने जगभर पेरलेली ही रुंदी अशी एका खेड्यात गोळा झाली.

६ एप्रिल १९६३ रोजी लानवेरकडून अर्ध्या मार्गावर गाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बानवीला पूर आला आणि पुलाचा एक खांब खचला. पैसे नव्हते. लष्कराच्या अभियंता दलाने सराव म्हणून दुरुस्ती अंगावर घेतली, म्हणून निभावले. वेल्शपूलपर्यंत पूर्ण गाडी पोहोचायला १९८१ उजाडले. म्हणजे गोल्फाचा चढ परत मिळवायला अठरा वर्षे लागली.

या कथेतला एक भाग हौशी मंडळी फारसा रंगवून सांगत नाहीत. मूळ मार्ग वेल्शपूल गावाच्या आतून, घरांच्या परसांमधून आणि रस्ते ओलांडत मुख्य स्थानकापर्यंत जात असे. सगळ्या मार्गातला हा सर्वांत नवलाचा तुकडा. पण ती जागा नगरपालिकेला हवी होती. १९६३ च्या ऑगस्टमध्ये तेथून शेवटच्या गाड्या गेल्या आणि रूळ उखडले. आजचे स्थानक गावाच्या पश्चिम टोकाला आहे. तेव्हा वेल्समध्येसुद्धा ज्या तुकड्याची दुसऱ्या कुणाला गरज होती तो गेलाच. जो कुणाला नको होता तेवढाच वाचला.

मग प्रश्न येतो, नको असलेला मार्ग आपल्याकडे नव्हता का? होता. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या वऱ्हाडातल्या अडीच फुटी मार्गांवरची ‘शकुंतला’ सर्वांना ठाऊक आहे. कापसासाठी ब्रिटिश कंपनीने बांधलेला हा मार्ग. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन त्यावर १९९४ पर्यंत चालले, मग डिझेल आले. आता ती गाडी बंद आहे. तिच्यासाठी अचलपूरकडच्या लोकांनी सत्याग्रहही केले. पण त्यांची मागणी नीट ऐकली पाहिजे. त्यांना जुने इंजिन नको होते, स्वस्त तिकिटाची गाडी हवी होती. जमले तर ब्रॉडगेज. ज्याला बाजाराला जायचे आहे त्याने रविवारी बिनपगारी खडी कुटावी अशी अपेक्षा कोण करील? १९५० च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये कामगाराला आणि कारकुनाला शनिवार-रविवार मोकळा मिळू लागला होता, अनेकांकडे मोटार आली होती आणि प्रवासाची गरज त्या मोटारीने भागत होती. हौसेला आधी फुरसत लागते. त्याखेरीज १८९६ चा तो कायदा हाताशी होता. मंद वेगाची छोटी रेल्वे चालवायला परवाना मिळण्याची वाट त्यातून निघाली.

नागपूर-नागभीड ही आपल्या जाळ्याची शेवटची फांदी. उमरेड, भिवापूर करत जाणारी, सुमारे ११० किलोमीटरची. ती नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी थांबली. त्याआधी २०१५ मध्ये जबलपूर आणि छिंदवाड्याकडचे अडीच फुटी मार्ग बंद झाले होते. एवढ्या शेकडो किलोमीटरमधला दहा-बारा किलोमीटरचा एखादा वळणदार तुकडा, जिथे नवा मार्ग बाजूने गेला तेथला, राखता आला असता असे मला वाटते. त्याला लागणारी माणसे नागपुरात मिळाली असती. सबंध मार्ग राखायला हवा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. वडशाच्या रुग्णाला नागपूरला आणि अर्जुनीच्या तांदळाला दक्षिणेला जायचे आहे.

नागपूरला मोतीबाग येथे रेल्वेने डिसेंबर २००२ मध्ये नॅरोगेजचे संग्रहालय उघडले. इंजिने, डबे, सिग्नल, कंदील नीट मांडलेले आहेत. सहल अवश्य न्यावी. पण संग्रहालयातले इंजिन आणि चालते इंजिन यांत एक फरक आहे. थंड बॉयलर पेटवताना घाई केली तर आतल्या तांब्याच्या आणि बाहेरच्या पोलादाच्या पत्र्यांचे प्रसरण वेगवेगळे होऊन सांधे गळू लागतात. म्हणून आग बारीक ठेवून कित्येक तास थांबावे लागते. ब्रिटनमध्ये अशा बॉयलरची दरवर्षी तपासणी होते आणि साधारण दहा वर्षांनी तो सबंध सुटा केला जातो. त्यानिमित्ताने म्हातारा फिटर तरुणाच्या हातात हातोडी देतो. आपल्याकडे इंजिन राहिले, हातोडी कशी धरायची ते मात्र माणसांबरोबर निवृत्त झाले.

ती माणसे सौंदड, वडसा, नागभीड, गोंदिया येथे अजून भेटतात: गँगमन, पॉइंटमन, फायरमन, मालधक्क्यावरचे हमाल. वरच्या वर्गातल्या मुलांनी वही घेऊन जावे. गोंदियाला एक वाघीण रिकामी करायला किती हमाल आणि किती वेळ लागे? पावसाळ्यात बांधाचा कोणता भाग दरवर्षी खचे? पाणी भरायला इंजिन कुठे कुठे थांबे आणि ते पाणी तलावाचे की विहिरीचे? (बॉयलरमध्ये किती क्षार साचे हे त्यावर ठरते.) चढावर चाके घसरली तर वाळू कुठली वापरत, वैनगंगेची का?